समक्ष

कॅप्टन अनघा खैरेंनी पेटी टेबलावर अगदी अलगद ठेवली. आपटली असती तर बरं झालं असतं, असं हेमांगीला नंतर कितीदा तरी वाटलं.

पेटी लष्करी हिरव्या रंगाची, शिवणयंत्राच्या डब्याएवढी. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं; जवान तिला प्राणपेटी म्हणत. जखमी माणसाला डोंगरातून खाली आणताना गाडीत त्याचा श्वास चालू ठेवायचा, हे तिचं काम. मागच्या बाजूला चार स्क्रूंनी बसवलेली एक पट्टी, पट्टीवर हवेच्या नळीचा जोड. चारांतले दोन स्क्रू जागेवर नव्हते. तिसरा बोटानं फिरत होता.

कॅप्टननं प्रमाणपत्राची प्रत पुढे सरकवली. "ही सही तुमची ना, मॅडम?"

सही हेमांगीचीच होती. हेमांगी भालचंद्र कर्डक, अधिकृत स्वाक्षरीकर्ती. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या चाचणी प्रयोगशाळेत बावीस वर्षं तिच्या सहीशिवाय लष्कराचं एकही उपकरण पास झालं नव्हतं.

मग कॅप्टननं काय झालं ते सांगितलं, आणि तेही एखाद्या रुग्णाचा कागद वाचून दाखवावा तसं सपाट आवाजात. गाडीत जखमी जवान, सोबत डॉक्टर म्हणून ती स्वतः. पाच तासांचा उतार. तिसऱ्या तासाला गजर वाजला. हवा कुठून गळतेय ते हलत्या गाडीत सापडेना. मग तिनं रबरी पिशवी हातानं दाबायला घेतली. दोन तास, हात बदलून बदलून. इस्पितळ अकरा किलोमीटरवर राहिलं होतं तेव्हा तो गेला. शिपाई विलास डगळे. वय तेवीस. अकोले तालुक्यातला, म्हणजे इथून डोंगराच्या पलीकडचाच.

"चौकशी समिती बसेल, पत्रं येतील," कॅप्टन म्हणाली. "त्यासाठी मी आलेली नाही. मला एकच विचारायचंय. ही पेटी चाचणीच्या टेबलावर हलत होती तेव्हा तुम्ही पाहिली होती का?"

हेमांगीनं तोंड उघडलं. मुळातच तिचा आवाज हळू. त्या वेळी तोही फुटला नाही.

*

या प्रश्नाला उत्तर का नव्हतं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

कंपनटेबल म्हणजे खरं तर खोलीएवढा लाउडस्पीकर. चुंबकाच्या पोटात तारेचं वेटोळं, वेटोळ्यातून वीज सोडायची, आणि आवाज काढणाऱ्या पडद्याच्या जागी जाडजूड धातूचं टेबल. खडबडीत रस्त्यावर ट्रक जसा हादरतो, तसे बारीकमोठे सगळे हादरे ते टेबल एकाच वेळी देतं. उपकरण फिक्स्चरमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या चौकटीत, टेबलावर बोल्टनं आवळून बसवायचं आणि सहा तास हलवायचं. रोज एक दिशा, सकाळी सहाला सुरू, दुपारी बाराला बंद. बारा वाजता उपकरण सोडून उद्याच्या दिशेला बसवून ठेवायचं. उभी, आडवी, पुढे-मागे, अशा तीन दिशा तीन दिवसांत. त्यानंतर आघाताच्या यंत्रावर अठरा धक्के. एवढ्यातून जे सहीसलामत उतरेल ते पास.

यात एक सोपी खूण असते. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक सूर असतो. छोट्या हातोडीनं टक् केलं की ती वस्तू सेकंदाला किती वेळा थरथरते ते मोजता येतं. स्क्रू सैल पडला की वस्तू मऊ होते आणि तिचा सूर उतरतो. म्हणून प्रत्येक दिशेच्या आधी आणि नंतर, त्याच जागी, त्याच हातोडीनं टक् करून आकडा लिहायचा.

हे सगळं सहा वर्षांपूर्वीपर्यंत. मग प्रयोगशाळेनं जुळा बांधला. संगणकातला जुळा. खऱ्या उपकरणाला चौसष्ट सेन्सर चिकटवायचे, वीस मिनिटं हळूच हलवायचं, आणि उरलेले तास जुळ्यानं स्वतःच्या आत जगून सांगायचं की काय तुटेल, काय टिकेल. त्याला शिकवायला प्रयोगशाळेच्या पंधरा वर्षांच्या नोंदी घातल्या होत्या, तीनशे बारा चाचण्या. त्यातली एकूण एक चाचणी एकाच माणसानं टेबलावर बांधलेली होती: भालचंद्र कर्डक. सगळे त्यांना अण्णा म्हणत. म्हणून जुळ्याचं नावही अण्णाच ठेवलं. समारंभ झाला, शाल-नारळ झाला, निवृत्तीचा दिवस साधला. हेमांगी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती, कारण अण्णा तिचे यजमान.

मान्यता मंडळानं जुळ्याच्या चाचणीला हिरवा कंदील दाखवला. अट एकच: खाली हाडामांसाच्या माणसाची सही हवी, आणि त्या माणसाला शंका आली तर खरी चाचणी मागायचा हक्क हवा. सहा वर्षांत हेमांगीला शंका आली नव्हती. टेबलावर ताडपत्री पडून होती. आणि पुढे पुढे कंपन्या उपकरणाचा आराखडा काढतानाच अण्णाला विचारू लागल्या. प्राणपेटीच्या स्क्रूंना आधी चिकटद्रव्य लावत असत, ते घट्ट राहावेत म्हणून. कंपनीनं जुळ्याला विचारलं, हे काढलं तर? अण्णा म्हणाला, काही फरक पडत नाही.

*

प्रयोगशाळेचे संचालक प्रसन्न लोणकर यांनी कॅप्टनला चहा पाजला, हात जोडले आणि ती गेल्यावर दार लावून घेतलं. रस्ताच तसा असेल, ते म्हणाले. कोणी मध्येच स्क्रू उघडला असेल. त्यांनी हेमांगीसमोरच जुळ्याला पुन्हा प्रश्न घातला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. उत्तीर्ण.

"बघा ताई. अण्णा काय खोटं बोलणारेत?" लोणकर हसले. मग आवाज उतरवून त्यांनी आठवण करून दिली की पुढच्या खेपेच्या सहाशे चाळीस पेट्या गुरुवारी निघायच्या आहेत, आणि त्या प्रमाणपत्रावर फक्त तिची सही राहिली आहे.

हेमांगी आपल्या जागेवर आली. प्राणपेटीचा तो तिसरा स्क्रू ती अंगठ्यानं फिरवून बघत राहिली. किती सहज फिरत होता. तिनं जुन्या नोंदी उघडल्या. जुळ्याला जे वाढून दिलं होतं ते तिला स्वतः चाखून बघायचं होतं.

पहिली फाइल, एका वायरलेस संचाची. पहिल्या दिवशी सकाळी सूर १४२. दुपारी बाराला चाचणी संपल्यावर १२९. म्हणजे सैल पडलाय, बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच जागी टक् केल्यावर सूर पुन्हा १४२.

तिनं दुसरी फाइल उघडली. उतरलेला सूर दुसऱ्या सकाळी जागेवर. तिसरी. दहावी. चाळिसावी. रात्री देवानं येऊन सगळ्यांना बरं केल्यासारखं. सैल झालेली वस्तू आपोआप घट्ट होत नाही, हे आठवीतल्या पोरालाही कळतं. जुळ्याला कसं कळणार? त्यानं तीनशे बारा वेळा हेच पाहिलं होतं. त्याच्या लेखी सैल होणं हा थोडा वेळ येणारा ताप होता, आपला आपण उतरणारा.

बारा आणि सहा यांच्या मध्ये एकच गोष्ट घडत असे. दिशा बदलणं. त्या नोंदीच्या शेवटी एक रकाना असतो: 'दिशाबदल कोणाच्या समक्ष'. तिथं प्रत्येक फाइलमध्ये तिच्याच हातची आद्याक्षरं होती.

आणि दुपारी बारा वाजता ती तिथं कधीच नव्हती.

फाटकाशी जांभळाच्या झाडाखाली देवीचं हातभर उंचीचं देऊळ आहे. लेक दीड वर्षाची असताना मेंदूज्वरातून उठली, तेव्हापासून बरोबर बाराला तिथं तुपाचा दिवा लावायचा, हा हेमांगीचा नेम. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती त्यासाठी दोन किलोमीटर चालत येई. ताप असो, पाहुणे असोत, बावीस वर्षांत एक दिवा चुकला नव्हता. दिवा लावून, डोळे मिटून, पावणेएकला परत यायचं. तोवर अण्णांनी उपकरण बसवलेलं असे आणि कागद भरून ठेवलेला असे. ती सही करी. नवऱ्याच्या कामावर कसला संशय घ्यायचा?

देवीच्या घरी ती मिनिटाचीही लबाडी करत नव्हती. इथं तीनशे बारा वेळा खोटं लिहून बसली होती.

*

घरी आली तेव्हा अण्णा ओट्याशी उभे राहून कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळत होते. हे काही नवं नव्हतं. त्यांच्या खिशात कायम छोटा पेचकस असे. लग्नाच्या मांडवात खुर्ची डुगडुगली तरी ते वाकून पाहत. शेजारणी म्हणत, अण्णा येऊन गेले की घर घट्ट होतं.

तिनं चप्पल काढली, पिशवी ठेवली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"अहो, दिशा बदलताना तुम्ही उपकरणाचे स्क्रू आवळायचात का?"

अण्णांचा हात थांबला नाही. "आपल्या फिक्स्चरचे बोल्ट तर आवळायलाच लागतात."

"आपले नाही. त्यांच्या उपकरणाचे."

आता थांबला. त्यांनी कुकर खाली ठेवला. सैल सोडलेलं बरं दिसत नाही, असं काहीसं ते पुटपुटले. मग सांगू लागले. सैल दिसलं की बोटं आपोआप जायची. आत कधी उघडलं नाही, सुटा भाग कधी बदलला नाही. बाहेरचा एखादा स्क्रू पाव वळसा, अर्धा वळसा. पुढची दिशा नीट व्हावी म्हणून. यात कुणाचं वाईट केलं, हेच त्यांना कळत नव्हतं.

"सीमेवर कोण जाणार होतं आवळायला?" हेमांगीनं विचारलं. "तुम्ही?"

"अगं, मी काय लबाडी केली? सैल दिसलं आणि सोडून दिलं, असं माझ्याच्यानं होत नाही. तुला माहितीये."

"मला माहीत होतं. म्हणून तर राग येतोय." आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण अण्णांनी मागे सरून ओटा धरला. तीस वर्षांच्या संसारात हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. "तुम्ही जे केलं त्याला लोक चांगुलपणा म्हणतील. तो चांगुलपणा त्या यंत्रानं शिकून घेतला. आता प्रत्येक उपकरणामागे कोणी तरी अण्णा उभे आहेत असं त्याला वाटतं. तो पोरगा गाडीत आडवा होता, त्याच्यामागे कोणी नव्हतं."

अण्णांनी पेचकस खिशात ठेवला. मग म्हणाले, "लोणकरांना ठाऊक होतं."

पहिल्याच वर्षी त्यांनी पाहिलं होतं. रागावले नाहीत. उलट, गिऱ्हाईक येणार असलं की पाठीवर थाप मारून म्हणत, जरा हात फिरवून घ्या हो अण्णा. पुढे जुळ्याला नोंदी घालायच्या वेळी अण्णा त्यांच्याकडे गेले होते, हे सांगायला हवं का म्हणून विचारायला. लोणकर म्हणाले, एवढ्या तेवढ्या गोष्टीनं आकडे बिघडत नसतात, तुम्ही शालीचा रंग सांगा.

त्या संध्याकाळी दोघं जेवले नाहीत. हेमांगीनं दुसऱ्या दिवशीच्या वाती वळायला घेतल्या. एकही नीट वळली गेली नाही, कापूस नुसता चुरगळत होता.

*

"मला खरी चाचणी हवी," सकाळी तिनं लोणकरांना सांगितलं. "नव्या खेपेतली कुठलीही एक पेटी. तीन दिशा, पूर्ण तास. तोवर सही नाही."

लोणकरांनी आधी गुरुवारची मुदत सांगितली, मग टेबल सहा वर्षं झोपलंय हे सांगितलं. ती उभीच राहिली. तिनं फाइल उघडून १२९ आणि १४२ हे आकडे त्यांच्यासमोर ठेवले. ते वाचून त्यांचा चेहरा बदलला नाही, आणि ते पाहून हेमांगीच्या अंगाची आग झाली. निदान दचकावं तरी माणसानं.

"ताई, जरा शांत डोक्यानं," लोणकर म्हणाले. "हे बाहेर काढलंत तर नाव कुणाचं जाणार? माझं नाही. हात अण्णांचा आहे. आणि कागदावर काय लिहिलंय? समक्ष. म्हणजे तुम्ही तिथं उभ्या राहून बघत होतात. मग तुम्हीही सामील."

"मी नव्हते तिथं."

"मग सह्या खोट्या."

"हो. खोट्या." ती टेबलावर किंचित वाकली. "मी देवळात होते. तेच लिहून देणार आहे मान्यता मंडळाला, तारखांसकट. तुम्ही काय म्हणायचात तेही अण्णा लिहून देतील. वायरलेस संच, दुर्बिणी, गाडीतल्या खुर्च्या, तीनशे बारा गोष्टी आज कुठे कुठे आहेत साहेब? कुणाच्या हातात आहेत? तुम्ही मला नावाची भीती घालताय?"

लोणकरांनी खुर्ची मागे सरकवली. कोपऱ्यातल्या पंख्याकडे पाहत ते म्हणाले, बावीस वर्षं या संस्थेचं मीठ खाल्लंत.

"म्हणून सांगून करतेय," हेमांगी म्हणाली. "टेबल उद्या सहाला सुरू होईल."

*

पूर्ण चाचणीसाठी उपकरण कसं बांधायचं, हे नव्या मुलामुलींपैकी कुणालाच येत नव्हतं. अण्णा स्वतःहून आले. इस्त्रीचा सदरा घालून, पान्यांची जुनी पेटी घेऊन. संगणकाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत त्यांचंच नाव होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

सहाला टेबल जागं झालं. ती गुरगुर पायातून पोटापर्यंत चढते. हेमांगी विसरूनच गेली होती. काचेपलीकडे प्राणपेटी नुसती धूसर दिसत होती, इतकी हलत होती. सुरुवातीचा सूर १४०. ती सहा तास खुर्चीवरून उठली नाही.

बाराला टेबल थांबलं. एवढी शांतता पडली की फाटकाजवळच्या जांभळावरचे पक्षी ऐकू आले. तिच्या पर्समध्ये तुपाची डबी होती, काड्यापेटी होती, सकाळी कशीबशी वळलेली एक वात होती. बावीस वर्षांची सवय पायांत उभी राहिली. ती उठली, आणि दाराकडे न जाता टेबलाकडे गेली.

टक्. सूर १२६.

अण्णांनी पेटी सोडवली, उद्याच्या दिशेला आडवी बसवली, आपल्या फिक्स्चरचे बोल्ट एकेक करून आवळले. मग पट्टीचे चार स्क्रू त्यांच्या नजरेसमोर आले. खालचा डावा उघडच वर आला होता. त्यांचा अंगठा त्याच्याकडे निघाला. मुद्दाम नव्हे. पापणी लवते तसा.

"अहो," हेमांगी म्हणाली. "हात मागे."

अंगठा हवेत थांबला. लोणकर दारात उभे होते, सगळी मुलं काचेला नाक लावून उभी होती. अण्णांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट गच्च धरलं.

"पाव वळसा हवा आहे त्याला," ते म्हणाले.

"मला दिसतंय. राहू द्या."

बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी तिनं रकान्यात सही केली. समक्ष. देऊळ त्या दिवशी दिव्यावाचून राहिलं. देवीला काय सांगायचं ते तिनं मनात जुळवलं नव्हतं, आणि जुळवावंसंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला पहिला स्क्रू टेबलावर पडला आणि उड्या मारत जमिनीवर गेला. अकरा वाजून सहा मिनिटांनी दुसरा. पट्टी कलली, नळीचा जोड निसटला, आणि प्राणपेटीचा गजर वाजू लागला. कॅप्टननं गाडीत ऐकलेला, तोच. टेबल बंद केल्यावरही तो वाजत राहिला. तो बंद करायला कोणी पुढे झालं नाही.

जुळ्याच्या पडद्यावर अजूनही हिरवं होतं. उत्तीर्ण.

"त्या यंत्रावरचं माझं नाव पुसायला सांग," अण्णा म्हणाले आणि पान्यांची पेटी उचलून बाहेर जाऊन बसले. हेमांगी त्यांच्यामागे गेली नाही. तो राग एवढ्यात उतरणार नव्हता, आणि उतरवायची तिला घाईही नव्हती. त्यातला अर्धा तिचा तिच्यावरच होता.

लोणकर काहीतरी बोलत होते, कंपनीशी आधी बोलून घेऊ, शब्द जरा सौम्य ठेवू. तिनं त्यांच्यासमोरच निकालाच्या रकान्यात 'अनुत्तीर्ण' असं लिहिलं. खाली सही केली. मान्यता मंडळाला लिहिलेलं चार पानी पत्र, त्याला जोडलेली तीनशे बारा चाचण्यांची यादी आणि अण्णांचं निवेदन तिनं आदल्या दिवशीच तयार ठेवलं होतं. तिनं ते पाठवलं. मग फोन उचलला.

"कॅप्टन खैरे? हेमांगी कर्डक बोलतेय, सिन्नरहून. तुम्ही विचारलं होतंत, पाहिलं होतं का म्हणून."

पलीकडे गाडीचा आवाज येत होता.

"नव्हतं पाहिलं. ती पेटी नव्हती पाहिली, आणि त्याआधीच्या तीनशे बारा वेळाही नव्हतं पाहिलं. सही मात्र केली होती. आज पाहिलं. नव्या खेपेच्या सहाशे चाळीस पेट्यांतली एकही बाहेर पडणार नाही."

गाडीचा आवाज थांबला. कॅप्टननं ती रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली असावी.

"हे लिहून द्याल?" तिनं विचारलं.

"लिहिलंय," हेमांगी म्हणाली. "डगळ्यांच्या घरचा पत्ता द्या. त्यांना टपालानं नाही पाठवायचं. मी स्वतः जाऊन, त्यांच्यासमोर वाचणार आहे."